जाब कुणाला विचारायचा?

हैतीत मिरबाले गावाजवळच्या एका लष्करी तळामागे ऑक्टोबर २०१० मध्ये फुटक्या पाइपांतून काळे, घाण पाणी झिरपत होते. ते ओढ्यात जाई, ओढा आर्टिबोनिट नदीला मिळे. त्या नदीत पोरे डुंबत, बायका धुणी धूत आणि तिथूनच पिण्याचे पाणी घरी नेत. तळ होता संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा!

जानेवारीतल्या भूकंपाने आधीच मोडून पडलेल्या या देशात निदान शंभर वर्षे पटकीचे नाव नव्हते. ती नेपाळहून आलेल्या तुकडीबरोबर आली. दोष त्या गरीब जवानांचा नव्हे. निघण्यापूर्वी त्यांची तपासणी न करणाऱ्यांचा आणि मैला कुठे जातो हे न पाहणाऱ्यांचा तो दोष आहे. सुमारे दहा हजार माणसे मेली, आठ लाखांवर आजारी पडली.

मग या जगाच्या पंचांनी काय केले? आधी कानांवर हात ठेवले. पाच हजार पीडितांनी भरपाई मागितली, तेव्हा २०१३ मध्ये उत्तर मिळाले: दावा विचारात घेण्याजोगा नाही. पीडित अमेरिकी न्यायालयात गेले, तर तिथे संयुक्त राष्ट्रांना खटल्यांपासून संरक्षण देणाऱ्या १९४६ च्या कराराचे कवच पुढे केले. पण त्याच करारात, खासगी दाव्यांच्या निवाड्याची सोय संघटनेने करावी, असेही लिहिले आहे. ते कलम कुणी वाचायचे? २००४ मध्ये हैतीशी झालेल्या करारात दावे ऐकण्यासाठी आयोग कबूल केला होता. तो कधी नेमलाच नाही. हा निव्वळ विश्वासघात आहे!

डिसेंबर २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी माफी मागितली, चाळीस कोटी डॉलरची योजना जाहीर केली. पैसा मात्र सदस्य देशांच्या मर्जीवर सोडला आणि जमली ती नगण्य रक्कम. कर्त्या माणसाला पुरून आलेल्या घराने काय, वर्गणीची वाट पाहत बसायचे?

शांतिसेना नको, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आपलेही जवान काँगोत, दक्षिण सुदानात त्याच निळ्या शिरस्त्राणाखाली जीव धोक्यात घालतात. त्यांच्या इभ्रतीसाठीच आमची मागणी आहे: कोणत्याही मोहिमेचा पहिला तंबू ठोकण्याआधी दावे ऐकणारा आयोग नेमा, त्यात यजमान देशाचा माणूस बसवा आणि भरपाईची रक्कम मोहिमेच्या अंदाजपत्रकातच बाजूला काढा. भारताने हा ठराव आमसभेत मांडावा. आणि हैतीतल्या ज्या घरांत तेव्हा चूल विझली, त्यांचे देणे आधी चुकते करा.