एका रात्रीत सामावलेले सण



अल्बेनिया हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले असेल ते मदर तेरेसा यांच्या संदर्भात. त्यांचे कुळ अल्बेनियन. जन्म मात्र 1910 साली आजच्या उत्तर मॅसिडोनियातील स्कोपिये या गावी झाला. ग्रीसच्या उत्तरेला, समुद्राकाठी वसलेला हा डोंगराळ देश महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान आहे. तेथे मुसलमान आहेत, ऑर्थोडॉक्स व कॅथलिक ख्रिस्ती आहेत आणि बेक्ताशी नावाचा सूफी पंथही आहे. या सर्वांचा समाईक असा सर्वांत मोठा घरगुती सण कोणता, असे विचारले तर उत्तर एकच येते : 31 डिसेंबरची रात्र. असे का व्हावे, यामागे एक कठोर इतिहास आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर एन्व्हर होजा यांची साम्यवादी सत्ता आली आणि 1967 साली देशातील सर्व मशिदी, चर्चे व मठ बंद करण्यात आले. कोठे गोदाम झाले, कोठे क्रीडागृह. पुष्कळ वास्तू पाडल्याच गेल्या. अल्बेनिया हे जगातील पहिले नास्तिक राष्ट्र असल्याची घोषणा झाली आणि 1976 च्या राज्यघटनेत तसे कलमही घातले गेले. एका बालकाला गुपचूप बाप्तिस्मा दिल्याबद्दल एका कॅथलिक धर्मगुरूंना प्राणदंड झाला, यावरून त्या बंदीची धार कळावी. नाताळ गेला, ईद गेली, ईस्टर गेला. कॅलेंडरावर निर्धास्तपणे साजरा करता येईल असा घरगुती आनंदाचा दिवस उरला तो नववर्षाचा, कारण त्याला कोणत्याही धर्माचा वास नव्हता.

मग माणसांनी काय केले? जे जे हरवले होते, ते जमेल तेवढे या एका रात्रीत आणून ठेवले. नाताळचे झाड ‘नववर्षाचे झाड’ झाले. भेटवस्तू आणणारा म्हातारा ‘नववर्षाचा आजोबा’ झाला. तो आजही त्याच नावाने ओळखला जातो आणि अनेक घरांत मुलांना भेटी मिळतात त्या नाताळला नव्हे, तर वर्षाच्या शेवटच्या रात्री. सरकारला वाटले, धर्म संपला; स्वयंपाकघरात मात्र सण चालूच होता.

त्या रात्रीच्या ताटात मध्यभागी टर्की पक्षी असतो. ते ताट आपल्याला मान्य होणारे नाही, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही. पण बकलाव्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. ‘ओक्लाई’ नावाच्या लांब, बारीक लाटण्याने कागदासारख्या पातळ पोळ्या लाटायच्या, त्यांचे थरावर थर रचायचे, मध्ये कुटलेले अक्रोड पसरायचे, वर कढत लोणी ओतायचे, शंकरपाळ्याच्या आकारात कापून भाजायचे आणि शेवटी साखरेचा पाक मुरवायचा. (पोळ्यांच्या पिठात बहुधा अंडे असते, परदेशी प्रवासात मोह झाला तर आधी विचारून घ्यावे.) टंचाईच्या काळात, जेव्हा अन्नधान्य मोजून मिळे, तेव्हाही या परातीसाठी साखर आणि लोणी आधीपासून राखून ठेवले जाई. सासू लाटते, सून थर लावते, मुली अक्रोड कुटतात. दिवाळीच्या आधी आपल्या घरी करंज्या करताना दिसणाऱ्या बायकांहून हे चित्र फार निराळे नाही.

अनेक घरांत पावाच्या किंवा ‘ब्युरेक’ या थरांच्या पुरीसारख्या पदार्थाच्या पोटात एक नाणे दडवतात. कुटुंबप्रमुख तुकडे वाटतो. ज्याच्या तुकड्यात नाणे निघेल, त्याचे वर्ष भाग्याचे. व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला यातील एक गोष्ट विशेष आवडावी : नाणे कर्त्या पुरुषाच्याच वाट्याला जाईल असा काही नियम नाही, ते दुधाचे दात पडलेल्या पोराच्या ताटातही निघते आणि त्या वर्षापुरता घरातला भाग्यवान तोच.

उत्तरेच्या डोंगरांत याहून जुनी चाल होती. ऐन हिवाळ्यात ‘बुझ्म’ नावाचा लाकडाचा मोठा ओंडका घरी आणायचा, दारात त्याचे पाहुण्यासारखे स्वागत करायचे, चुलीत ठेवून ताटातल्या प्रत्येक पदार्थाचा घास त्याला द्यायचा. दिवस पुन्हा मोठे होऊ लागावेत, सूर्याला बळ यावे, ही त्यामागील भावना.

परंतु सर्वच टिकले असे नाही. 4 नोव्हेंबर 1990 रोजी श्कोडर येथील ख्रिस्ती स्मशानभूमीत पुन्हा उघड सामूहिक प्रार्थना झाली, तेव्हा 1967 साली जन्मलेले मूल तेवीस वर्षांचे झाले होते. त्याने बकलावा दरवर्षी खाल्ला होता. प्रार्थना मात्र, आजीने दार लावून हळूच शिकवली असेल तरच, त्याला येत होती. पाककृती हाताने पुढे जाते, पाठ मुखानेच पुढे जातो. आपण दिवाळीत वहीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामींची लब्धी मागतो. आपल्यावर कोणाची बंदी नाही. तरीही ती लब्धी म्हणजे काय आणि कार्तिक शुद्ध प्रतिपदेशी गौतमस्वामींचा संबंध कोणता, हे संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या आपल्या मुलांपैकी किती जण सांगू शकतील, हा प्रश्न मला अल्बेनियाविषयी वाचताना वारंवार पडला.

आपल्याप्रमाणेच त्यांच्याकडेही वर्षारंभ एक नाही. 14 मार्चला ‘दिता ए व्हेरेस’, म्हणजे ग्रीष्माचा दिवस, येतो. जुन्या ज्युलियन पंचांगातील 1 मार्च तो हाच. प्राचीन काळी वर्ष येथून सुरू होई असे मानतात. एल्बासान या शहरात त्याचा उत्साह मोठा असतो आणि मक्याच्या पिठाची ‘बालोकुमे’ नावाची बिस्किटे घरोघरी होतात. 2004 पासून त्या दिवशी देशभर सुट्टी असते. या सुमारास मुलांच्या मनगटावर लाल-पांढऱ्या धाग्यांचा दोरा बांधतात. पहिली पाकोळी दिसली की तो सोडून झाडाच्या फांदीवर अडकवायचा, म्हणजे पक्ष्यांना घरट्यासाठी उपयोगी पडतो.