वीस इंचाचे चाक

पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, तो काळ आता ज्येष्ठांच्या बोलण्यातच उरला आहे. दिव्याशिवाय निघालेल्याला पोलिसाने चौकात अडवणे, ‘डबलसीट’ दिसताच शिट्टी वाजणे, या आठवणींनी आजही घरोघरी हशा पिकतो. ज्या सायकलीमुळे त्या आठवणी घडल्या, ती मात्र बहुधा जिन्याखाली गंजत असते, किंवा केव्हाच भंगारात गेलेली असते. कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी उभारलेले सायकलींचे संग्रहालय २०१७ मध्ये खुले झाले आणि या जुन्या वाहनांकडे अनेकांची दृष्टी पुन्हा वळली. तेथे दुसऱ्या महायुद्धातील छत्रीधारी सैनिकांची, मधोमध दुमडणारी बीएसए सायकल पाहावयास मिळते. सांगाडा दुमडतो, चाके मात्र नेहमीच्या मोठ्या सायकलीसारखीच.

चाकच लहान करावे, हे धाडस पुढे इंग्लंडमध्ये ॲलेक्स मोल्टन या अभियंत्याने केले. ‘मिनी’ या छोट्या मोटारीसाठी रबरी स्प्रिंग घडवणारा हा गृहस्थ. १९६२ मध्ये त्याने सोळा इंची चाकांची सायकल आणली. लहान चाकाला बसणारे धक्के शोषण्यासाठी तिला पुढेमागे रबराची योजना होती, आणि टायर जास्त हवेचे, अरुंद होते. रॅले कंपनीने १९६५ मध्ये प्रत्युत्तर दिले ते स्प्रिंगऐवजी जाड, मऊ टायर देऊन. सायकल जड चालू लागली. ही चूक १९६८ च्या ‘रॅले ट्वेन्टी’ या नमुन्यात सुधारली गेली. साधा भक्कम सांगाडा, वीस इंची चाके, आजीपासून नातीपर्यंत कोणालाही बसता येईल अशी खालीवर होणारी सीट. परदेशातून परतलेल्या एखाद्या कुटुंबाच्या सामानातून अशी सायकल पुण्यात आली असेल, तर तिचा सांगाडा आजही ठणठणीत निघू शकतो. प्रश्न चाकांचा असतो.

आणि तेथेच पहिली फसगत होते. ‘वीस इंची’ हे नाव एक, मापे अनेक. ट्वेन्टीच्या रिंगेवर टायर ज्या कडेला बसतो, तेथील व्यास ४५१ मिलिमीटर. मुलांच्या सायकलींसाठी सर्वत्र मिळणाऱ्या वीस इंची रिंगेचा ४०६. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही, कितीही ओढाताण केली तरी. म्हणून दुकानात ‘वीसचा टायर द्या’ असे सांगण्याऐवजी जुन्या टायरच्या बाजूवर ‘३७-४५१’ अशी अक्षरे शोधावीत. शेवटचा आकडा खरा.

४५१ ची रिंग मिळाली तर उत्तम. सायकल मूळ रूपात राहते. पण पुढे दर वेळी टायरसाठी वणवण करावी लागेल, याचा विचार आधी करायला हवा. ४०६ ची रिंग घातली तर टायर कोणत्याही पेठेत मिळेल. मात्र ब्रेकचे रबर आता साडेबावीस मिलिमीटर खाली पोहोचले पाहिजे. तेवढे लांब हात असलेले ब्रेक न शोधता रबर टायरवर घासत ठेवणे हा जिवाशी खेळ आहे. संग्रहात ठेवायच्या सायकलीला पहिला मार्ग शोभतो. नातीला रोज शाळेत जायचे असेल, तर दुसरा.

मूळ रिंगा क्रोम दिलेल्या पोलादाच्या. दिसायला सुरेख, पण ओल्या झाल्या की रबर त्यांच्यावर नुसते सरकते. आषाढात उतारावरून येताना ब्रेक दाबूनही सायकल थांबत नाही, हा अनुभव जुन्या पुणेकरांना नवा नाही. ॲल्युमिनियमची रिंग या बाबतीत पुष्कळच बरी. नवी रिंग घ्यायचीच असेल, तर या एका कारणासाठी तरी ॲल्युमिनियमची घ्यावी; जुनेपणाचा हट्ट येथे नको.

हब मात्र शक्यतो टाकू नये. मागचा तीन गिअरचा स्टर्मी-आर्चर हब असेल, तर त्याच्या कवचावर निर्मितीचे वर्ष आणि महिना कोरलेला सापडतो. सायकलीची जन्मपत्रिकाच ती. आतील भाग रॉकेलने धुऊन, तेल देऊन बहुधा पुन्हा चालू होतात. पुढच्या हबचेही कारण व्यावहारिक आहे. रॅलेचा जुना फोर्क आजच्या १०० मिलिमीटर रुंदीच्या हबला अरुंद पडतो.

हब ठेवायचा म्हणजे त्याची छिद्रे मोजूनच रिंग आणायची. इंग्रजी परंपरेत मोठ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० आरे असत. आजच्या रिंगा बहुतेक ३६ च्या. ही मोजणी न करता रिंग आणणारा दुकानाच्या दोन फेऱ्या करतो. सुटे करताना जुन्या चाकाचे आरे कापू नयेत. निपल थोडे थोडे फिरवून सैल करावेत आणि एक आरा मापासाठी राखून ठेवावा. रिंग ४०६ ची घेतली, तर नवा आरा सुमारे दोन सेंटिमीटरने आखूड लागेल. लहान रिंगेत आरे तिरके शिरतात, त्यामुळे मोठ्या चाकाप्रमाणे प्रत्येक आरा तीन आऱ्यांना छेदून नेला तर निपलपाशी वाकतो. दोन आऱ्यांना छेदणे येथे पुरेसे.

मग येते खरी कसोटी, कारागिरांच्या भाषेत ‘आउट काढणे’. चाक आऱ्यांवर उभे असते असे वाटते खरे, पण बारीक तारेचा आरा वजन पेलणार कसा? सगळे आरे आधीच ताणलेले असतात. वजन पडले की तळाच्या आऱ्यांचा ताण तेवढा कमी होतो, एवढेच. ३६ आरे, प्रत्येकावर ८० ते १०० किलोचा ताण, म्हणजे त्या चिमुकल्या रिंगेत सुमारे तीन टनांची ओढ सामावलेली असते. म्हणून घाई चालत नाही. पाव फेरी या बाजूला, पाव फेरी त्या बाजूला, असे करत सर्व आरे सारख्या स्वरात वाजू लागेपर्यंत पाना हातातून सुटत नाही.

या श्रमाला लहान चाक मोठ्यापेक्षा अधिक पात्र आहे. मोठे चाक किलोमीटरभरात साधारण ४५० वेळा फिरते, तर ट्वेन्टीचे ६०० हून अधिक. टायर लवकर झिजतो, छर्ऱ्यांना काम जास्त पडते, आणि ज्या खड्ड्यावरून मोठे चाक नुसते हादरून निघते, त्यात लहान चाक उतरते. पुण्याच्या रस्त्यांवर हा फरक फार काळ लपून राहत नाही.

चाक बसवून पहिल्यांदा सायकलवर बसले की आऱ्यांतून ‘टिंग टिंग’ असा बारीक आवाज येतो. काही मोडले म्हणून घाबरू नये. पिळलेले आरे सुटत असतात. पन्नासएक किलोमीटर झाल्यावर सायकल उलटी करावी, ब्रेकचे रबर खूण मानून चाक सावकाश फिरवावे आणि उरलेला आउट काढावा.