घंटा कुणाला बोलावते?

मराठी कथेत चर्चची घंटा वाजली की समीक्षकाची लेखणी ठरलेला शब्द उमटवते : वातावरणनिर्मिती. देवळातली घंटा मात्र वातावरण नसते, ती संस्कृती असते. धातू तोच, नाद तोच. अर्थ लावणाऱ्याच्या मनातले कप्पे तेवढे दोन. साहित्याच्या अध्यापनात मुरलेल्या या सवयीला माझा आक्षेप आहे.

यवतमाळचेच पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्री मेथडिस्ट मिशनचे काम येथे रुजले. १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी याच गावी सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला हलेपर्यंत नाना भाषांचे विद्यार्थी येथे ईशज्ञान शिकले. वऱ्हाडातल्या या कापसाच्या गावाला ख्रिस्ती शेजार शतकाहून जुना आहे. तरीही मराठीच्या वर्गात ‘ख्रिस्ती’ म्हटले की नजर थेट युरोपकडे वळते.

प्रोटेस्टंट मंडळीत घंटेला पावित्र्याचे फारसे वलय नाही. उपासनेची वेळ झाली, हे ती सांगते. पण या साधेपणातच तिचा अर्थ आहे. देवळात येणारा प्रत्येक जण स्वतः घंटा वाजवतो आणि आपण आल्याची वर्दी देवाला देतो. (आरतीच्या घंटेची गोष्ट निराळी, हे मान्य.) चर्चची घंटा एक जण वाजवतो, ती इतरांसाठी. पहिलीत ‘मी आलो’ आहे, दुसरीत ‘तुम्ही या’. कॅथलिक परंपरेत हा अर्थ आणखी दाट होतो. दिवसातून तीनदा होणारी आंजेलुसची घंटा कामातल्या माणसाला क्षणभर थांबवते. मृत्यूची घंटा एका घराचे दुःख गावाच्या कानी घालते. पवित्र सप्ताहात गुरुवारच्या मिस्सापासून ईस्टरच्या जागरणविधीपर्यंत घंटा मुकी राहते आणि लाकडाच्या खटखटाटावर काम भागवले जाते. जिच्या मौनालाही अर्थ आहे अशा खुणेला पार्श्वसंगीत म्हणणे हे वाचनाचे आळस आहे.

घंटा परकी आहे, असे उत्तर येते आणि साक्षीला रेव्हरंड ना. वा. टिळकांना उभे केले जाते. टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला अभंग, भजन, कीर्तन दिले, हे खरेच. पण त्यांचे भांडण मिशनरी पालकत्वाशी होते. काशाच्या भांड्याशी नव्हते.

आणि परकेपणाचा निकाल मराठ्यांनी १७३९ मध्येच लावला होता. वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा उतरवून आणल्या आणि त्या आपल्या देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मरियाही. शिवापुढे तो नाद कुणाला विसंगत वाटला नाही. आमचे समीक्षक त्या शिलेदारांपेक्षा अधिक सोवळे निघाले! पोर्तुगीज सत्तेचा धार्मिक जुलूम मला झाकायचा नाही. पण ज्या घंटांवर एकेका वस्तीचा दिवस मोजला जात होता त्या गेल्यावर त्या वस्तीचे काय झाले, हेही इतिहासाचेच अंग आहे. आपण त्यातले विजयचिन्ह तेवढे ठेवले.

हा वाद घंटेपुरता असता तर मी लिहिले नसते. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे साहित्य संमेलन भरले आणि उद्घाटक म्हणून बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेले. त्याच वर्षी पुढच्या, उस्मानाबादच्या संमेलनासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष निवडले गेले, तर धर्मगुरू अध्यक्ष कसा, असा गदारोळ उठला. ‘सुबोध बायबल’ मराठीत आणणारा, वसईच्या मातीतला हा लेखक २०२४ मध्ये गेला. आक्षेप घेणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याचे लेखन वाचले होते, हे त्या गदारोळात कुणी विचारले नाही. पाहुणा ठरवलेल्याचे म्हणणे ऐकावे लागत नाही, एवढी सोय त्यात असते.

मोठ्या आवाजाच्या माणसाला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात. हा वाक्प्रचार आम्ही अर्थासह शिकवतो, त्यावर गुणही देतो. ती घंटा मुळात कुणाला बोलावत होती, हा प्रश्न मी कोणत्याही प्रश्नपत्रिकेत पाहिलेला नाही. माझ्या स्वतःच्याही नाही.