मायनिंग मशीन बंद पडते तेव्हा आधी प्लग पाहा

बिटकॉइनसारख्या आभासी चलनाचे ‘मायनिंग’ करणारी जुनी यंत्रे आज स्वस्तात मिळतात. 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियमचे मायनिंग संपले आणि ग्राफिक्स कार्डांचे पुष्कळ संच विक्रीला निघाले. एप्रिल 2024 मध्ये बिटकॉइनचे बक्षीस निम्मे झाले, तेव्हा जुन्या यंत्रांचा खर्च निघणे आणखी कठीण झाले. असे यंत्र घरातला तरुण हौसेने आणतो, आणि ते मधूनच बंद पडू लागते. या कमाईच्या जायज-नाजायजचा प्रश्न आम्ही आलिमांकडे सोपवतो. येथे बोलायचे आहे ते विजेविषयी, कारण त्याच छताखाली सारे घर झोपलेले असते.

अँटमायनर एस-19 हे यंत्र घ्या. ते सुमारे 3250 वॅट वीज घेते, म्हणजे 230 व्होल्टवर 14 अँपिअरहून जास्त. गिझरही दोन-तीन हजार वॅटचा असतो, पण तो पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. हे यंत्र रात्रंदिवस चालते. 16 अँपिअरच्या सॉकेटवर सतत चालणारा भार 13 अँपिअरच्या आत ठेवावा, असा सर्वमान्य संकेत आहे. त्यामुळे एस-19 साठी साधे सॉकेट पुरत नाही, एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच. मीटरपासून स्वतंत्र, जाड तांब्याची तार, वेगळा एमसीबी आणि चांगले अर्थिंग हवे.

बिघाड शोधताना हा क्रम ठेवावा.

पहिले, यंत्र बंद करून प्लग काढा. प्लग गरम लागतो का, पिना काळ्या पडल्या आहेत का, जळकट वास येतो का, ते पाहा. असे काही आढळले तर सॉकेट बदलेपर्यंत यंत्र लावू नका. एस-19 ला दोन केबल असतात. त्या दोन्ही घट्ट बसल्या आहेत ना, हेही तपासा.

दुसरे, इलेक्ट्रिशियनकडून व्होल्टेज दोनदा मोजून घ्या, यंत्र बंद असताना आणि पूर्ण भारावर चालताना. या यंत्राच्या पॉवर सप्लायला 200 ते 240 व्होल्ट लागतात. चालू होताच व्होल्टेज बरेच उतरत असेल, तर तार बारीक आहे किंवा कुठे जोड सैल आहे. संध्याकाळीच यंत्र बंद पडत असेल, तर त्या वेळचे व्होल्टेज जरूर मोजा.

तिसरे, एमसीबी वारंवार पडत असेल तर त्या जागी मोठा एमसीबी बसवू नका. एमसीबी तारेला वाचवतो. तो मोठा केला तर पडण्याऐवजी तार तापते.

चौथे, ग्राफिक्स कार्डांच्या संचात रायझरला वीज कशातून जाते ते पाहा. साटा जोडणीची 12 व्होल्टवरील मर्यादा 54 वॅट आहे, आणि कार्ड रायझरमधून 75 वॅटपर्यंत ओढू शकते. ही जोडणी वितळून आग लागण्याचा धोका असतो. रायझरला सहा पिनांची केबल वापरावी.

पाचवे, सप्लायचा पंखा फिरतो का आणि जाळीत धूळ साचली आहे का, ते पाहा. तापलेला सप्लाय स्वतःच बंद होतो.

एवढे करूनही दोष सापडला नाही, तर चांगला चालणारा दुसरा, त्याच क्षमतेचा सप्लाय लावून पाहावा. सप्लायचा डबा मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीन-चारशे व्होल्ट राहू शकतात.

शेवटी हिशेब. 3250 वॅटचे यंत्र दिवसाला 78 युनिट खाते, महिन्याला 2340. घरगुती मीटरचा मंजूर भार ओलांडला किंवा ती वीज धंद्यासाठी वापरली, तर वीज कंपनी वाढीव आकारणी करू शकते. आभासी चलनाच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि मायनिंगच्या विजेचा खर्च त्यातून वजा होत नाही. हे आकडे मुलांसमोर मांडा. तरीही यंत्र लावायचे ठरले, तर वायरिंगची तपासणी होईपर्यंत घरचे झोपलेले असताना किंवा घर बंद असताना ते चालू ठेवू नका.