आजोबांची ॲम्बी आणि क्रँकचं गणित

संडेला सकाळी नऊच्या आत मित्राचा फोन आला की समजावं, त्याला एकतर उधार हवंय नाहीतर साक्षीदार. या वेळी साक्षीदार हवा होता. 'चिकलठाण्याला ये, एमआयडीसीत. ॲम्बीचं इंजिन उघडलंय!'

मित्र पुण्यात आयटीत. गाडी आजोबांची, १९७८ ची ॲम्बॅसिडर मार्क थ्री. आजोबा जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून ती पोर्चमध्ये कव्हरखाली बसून आहे. बाबा म्हणाले, विकून टाकू. भंगारवाला आकडाही सांगून गेला. मग साहेबांनी मनावर घेतलं. गाडी नुसती चालू नाही करायची, म्हैसमाळचा चढ तिने दणकून चढला पाहिजे!

त्यासाठी प्लॅन तयार होता. ॲम्बीचं इंजिन म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं 'बी सिरीज', १४८९ सीसी. याच खानदानातलं १७९८ सीसीचं इंजिन १९६२ मध्ये एमजीबी या स्पोर्ट्स कारमध्ये आलं. मग काय, एमजीबीचा क्रँकशाफ्ट मागवायचा, आपल्या ब्लॉकमध्ये बसवायचा, जिथे अडेल तिथे ब्लॉक घासायचा. ऑर्डर कार्टमध्ये होती, क्रेडिट कार्ड खिशात. कस्टम ड्युटी धरून दीड पगार जाणार होता. (आमच्या फ्रीलान्सवाल्यांच्या हिशेबात किती महिने, ते विचारू नका.)

शेड पत्र्याची. काकांचं अर्धं आयुष्य कंपनीत मशीनवर गेलं, आता क्रँक ग्राइंडिंग आणि सिलिंडर बोअरिंगची जॉबवर्क्स करतात. त्यांनी प्लॅन शांतपणे ऐकला, चहा सांगितला आणि एवढंच विचारलं, 'बाळा, स्ट्रोक किती रे त्याचा?'

मित्राने मोबाईल काढला. ८८.९ मिलिमीटर.

'आणि आपला?'

८८.९.

मला वाटलं, काका चष्म्यातून हसले. पिस्टन वरून खाली जितका जातो तो स्ट्रोक, आणि तो ठरवतो क्रँक. दोन्ही इंजिनांत तो सारखाच! फरक आहे तो बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या व्यासाचा. आपला ७३ मिलिमीटर, एमजीबीचा ८० च्या थोडा वर. म्हणजे हजारो रुपयांचा क्रँक सातासमुद्रापलीकडून आणून सीसी वाढणार होती... शून्य.

बरं, तो बसलाही नसता. ॲम्बीचा क्रँक तीन मेन बेअरिंगवर फिरतो. एमजीबीचाही आधी तसाच होता, पण १९६४ पासून पाच बेअरिंगचा आला. वरच्या दोन बेअरिंगना धरायला आपल्या ब्लॉकमध्ये भिंतच नाही. जिथे लोखंड जास्त आहे तिथे घासता येतं, जिथे नाहीच तिथे काय करणार?

मित्र हट्टाला पेटला. 'काका, पण अमेरिकेत करतात की लोक!'

करतात, खरंच करतात. शेवर्लेचं '३८३' हे त्यातलं फेमस प्रकरण. ३५० क्युबिक इंचाच्या ब्लॉकमध्ये ४०० चा क्रँक. स्ट्रोक ८८.४ वरून थेट ९५.२५. त्या क्रँकचे मेन जर्नल ६७.३ मिलिमीटरचे, ब्लॉकमधली जागा ६२.२ ची, म्हणून जर्नल ग्राइंड करून उतरवायचे. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट फिरताना ब्लॉकच्या खालच्या कडेला लागतात, तिथे खाचा घ्यायच्या. पण हलक्या हाताने, कारण पलीकडे वॉटर जॅकेट निघालं तर ब्लॉक बाद. आणि स्ट्रोक जवळपास सात मिलिमीटर वाढला की पिस्टन साडेतीन मिलिमीटर जास्त वर येतो. त्याने हेडवर टक्कर मारू नये म्हणून पिनची जागा बदललेला पिस्टन किंवा आखूड रॉड लागतो. मग बॅलन्सिंग. एवढं सगळं जमतं, कारण दोन्ही ब्लॉक मुळात एकाच मापाचे भाऊ आहेत.

काकांचं उत्तर मात्र मला त्याहून भारी वाटलं. 'अरे, ॲम्बीला पॉवर पाहिजे होती तेव्हा खुद्द कंपनीने काय केलं? क्रँक नाही बदलला. अख्खं इंजिन बदललं!' खरंय. १९९० च्या दशकात हिंदुस्तान मोटर्सने ॲम्बीत इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन टाकलं. गंमत म्हणजे त्याचा स्ट्रोक ८२, आपल्या जुन्यापेक्षा कमी! बोअर ८४.

मग मी पत्रकारितेतली माझी एकमेव उपयुक्त माहिती पुढे केली: आरसी बुकात सीसी लिहिलेली असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच बजावलं. इतक्या जुन्या गाडीला दर पाच वर्षांनी आरटीओची पायरी चढावीच लागते. तिथे काय दाखवणार होता, राव?

पाच मिनिटं कोणी बोललं नाही. शेजारच्या शेडमधला लेथ तेवढा चालू होता.

मग काकांनी मायक्रोमीटर काढला. क्रँकचे जर्नल लंबगोल झालेले, पण तडा नाही. वीस थाऊ ग्राइंड करून अंडरसाइज बेअरिंग बसतील. सिलिंडरही वीस थाऊने बोअर करून नवे पिस्टन. मित्राने लगेच मोबाईलवर हिशेब केला. '१५१० सीसी होणार! एकवीस वाढली ना?' स्वारी खुश. मी कलम ५२ चा विषय परत काढला नाही.

कार्ट रिकामं झालं. ब्लॉक टेम्पोतून उतरवून आत नेताना मित्राच्या बाबांचा फोन आला. रागावतील म्हणून त्याने स्पीकरवर टाकला, म्हणजे आम्ही सगळे साक्षीदार.

'किती खर्च येईल ते नंतर सांग,' बाबा म्हणाले. 'फक्त त्या काकांना विचार, स्टार्ट केल्यावर आवाज तोच राहील ना?'