पहिली बोट पकडा! मालवणच्या स्कूबाने मला शिकवलेला धंद्याचा धडा



मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "सर, ढाणकीतून टूरचा धंदा सुरू करायचा आहे. मालवणला स्कूबा डायव्हिंगच्या ट्रिपा न्यायच्या आहेत. पॅकेज कितीचं ठेवू?"

माझं उत्तर थोडं वेगळं आहे. पॅकेज कितीचं, हे नंतर. आधी सांगा, तुमची माणसं पाण्यात किती वाजता उतरणार?

हसू नका. या एका प्रश्नावर माझी पहिली ट्रिप बुडाली आणि दुसरी तरली. आज तेच सविस्तर सांगतो. ज्यांना टूरचा धंदा करायचा नाही, त्यांनीही शेवटपर्यंत वाचा. पिठाची गिरणी, सलून, झेरॉक्स, शिलाईचं दुकान, सगळ्यांसाठी यात काहीतरी आहे.

माझी पहिली ट्रिप

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. चौदा माणसं, एक टेम्पो ट्रॅव्हलर. शुक्रवारी दुपारी ढाणकीहून निघालो. नांदेड, सोलापूर, कोल्हापूर करत रात्रभर प्रवास. रस्त्याने अंतर सातशे किलोमीटरच्या घरात. मी हिशोब केला होता, की शुक्रवारची रात्र गाडीत काढली तर मुक्कामाचे पैसे वाचतील. शनिवारी साडेदहाला पोहोचलो, नाश्ता केला आणि किनाऱ्यावर गेलो. तिथे जत्रा!

आमचा नंबर लागला अडीच वाजता. तोपर्यंत वारा सुटला होता, बोट हलत होती. रात्रभराचं जागरण, त्यात पोटभर जेवण. तिघांना उलट्या झाल्या. एक काका पैसे भरूनही पाण्यात उतरले नाहीत. परत येताना ते एवढंच म्हणाले, "इतकं दूर आलो भाऊ, अन् पाणी पाहूनच परत चाललो."

कोणी भांडलं नाही. गावात सगळ्यांनी "छान झालं" असंच सांगितलं. पण चौदापैकी एकही माणूस माझ्यासोबत पुन्हा आला नाही. मित्रांनो, लहान गावात तक्रार करणारा ग्राहक परवडतो. गोड बोलून परत न येणारा ग्राहक धंदा संपवतो.

गर्दी नेमकी कधी असते, आणि का?

घरी आल्यावर मी कारण शोधलं. किनाऱ्यावरच्या गर्दीला एक साधं गणित आहे.

मुंबईहून रात्री सुटणारी कोकणकन्या सकाळी कुडाळला पोहोचते. पुण्या-कोल्हापूरकडच्या रात्रीच्या गाड्याही सकाळीच येतात. अंघोळ, नाश्ता, रिक्षा, की वाजले दहा. सिंधुदुर्ग किल्ला बघायला आलेलेही त्याच वेळेला बंदरावर असतात. म्हणून दहा ते दीड या वेळेत सगळे एकाच ठिकाणी.

आता बोटीतलं गणित बघा. समजा बोटीत बारा पर्यटक आहेत आणि एका वेळी दोघेच प्रशिक्षकांसोबत खाली जातात. पाण्यात पंधरा मिनिटं, सामान चढवणं-उतरवणं पाच मिनिटं, म्हणजे एका जोडीला वीस मिनिटं. सहा जोड्यांना दोन तास. शेवटची जोडी हलत्या बोटीत एक तास चाळीस मिनिटं नुसती बसून! तेच बोटीत सहा जण असतील तर शेवटच्या जोडीची वाट चाळीस मिनिटांची.

म्हणजे गर्दीचा खरा त्रास किनाऱ्यावरच्या रांगेत नाही, तो बोटीत आहे. तिथे उन्हात बसून माणसाला मळमळतं आणि त्याचा उत्साह जातो.

मग चांगली वेळ कोणती?

माझं स्पष्ट मत: मंगळवार ते गुरुवार, सकाळी आठची पहिली बॅच. आणि महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

कारणं अशी:

वारा. दिवस चढतो तशी जमीन तापते आणि समुद्रावरून जमिनीकडे वारा वाहू लागतो. दुपारी त्याचा जोर वाढतो, लाटा उठतात. सकाळी समुद्र तुलनेने शांत असतो. बोट कमी हलते, उलट्याही कमी होतात.

प्रकाश. इथे खरं सांगतो. पाण्याखाली उजेड सर्वात चांगला सूर्य डोक्यावर आल्यावर असतो. अकरा-बाराचे फोटो आठच्या फोटोंपेक्षा उजळ येतात. म्हणून सातला जाण्यात अर्थ नाही आणि अकराला गर्दी. आठ ते साडेनऊ हा मधला मार्ग. ग्राहकाला हे आधीच सांगा. फोटो थोडा कमी उजळ येईल, पण माणूस आनंदात असेल.

भरती-ओहोटी. आपण पैनगंगेकाठची माणसं. आपल्याला पूर माहीत, भरती माहीत नाही. समुद्राला साधारण सव्वाबारा-साडेबारा तासांनी भरती येते आणि ही वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. तारकर्लीला कर्ली नदीची खाडी आहे. ओहोटीला खाडीतलं गढूळ पाणी बाहेर येतं, भरतीला समुद्राचं स्वच्छ पाणी आत येतं. म्हणून भरती पूर्ण होण्याच्या आसपास पाण्याखालचं जास्त स्पष्ट दिसतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्याला ओढ जास्त, अष्टमीच्या आसपास कमी. कोकणातली जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. हा ढोबळ हिशोब झाला. नेमकी वेळ बोटवाल्याला विचारा, त्याला ती तोंडपाठ असते.

दिवस. शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नवं वर्ष आणि मे महिना टाळा. अजून एक गोष्ट, जी आपल्याकडे कोणाच्या लक्षात येत नाही. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा. तिची तारीख दरवर्षी वेगळी असते, देवीचा कौल घेऊन ठरते. त्या दिवसांत राहायला खोली मिळणं कठीण. ट्रिप ठरवण्याआधी ही तारीख विचारून घ्या.

आणि पावसाळ्यात, साधारण मे अखेर ते ऑगस्ट अखेर, तिथले जलक्रीडेचे धंदे बंद असतात. त्या काळात कोणी "करून देतो" म्हणालं तर फोन ठेवून द्या.

दुसरी ट्रिप

जानेवारीत पुन्हा गेलो. या वेळी मंगळवारी दुपारीच पोहोचलो, रात्री सगळे झोपले. जास्तीच्या मुक्कामामुळे माणशी सातशे रुपये वाढले. ते ऐकून दोन जण गळले. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी माझं मन खट्टू झालं. बारा जण उरले.

बुधवारी सकाळी आठला पहिली बॅच. सहा-सहाच्या दोन फेऱ्या. साडेदहाला आम्ही बाराही जण घावणे-चटणी खात बसलो होतो आणि किनाऱ्यावर गाड्या येऊन थांबत होत्या. एक ताई ते बघून म्हणाल्या, "आपलं झालं पण!" त्या एका वाक्यात माझे सातशे रुपये वसूल झाले. बारापैकी सात जणांनी पुढच्या ट्रिपचे पैसे आगाऊ दिले.

इथे माझं मत बऱ्याच जणांना पटणार नाही

सगळे सांगतात, रिकाम्या वेळेला डिस्काउंट द्या. मी म्हणतो, आधी बघा ती वेळ रिकामी का आहे.

वेळ वाईट आहे म्हणून रिकामी असेल, उदाहरणार्थ भर दुपारी तीनची वाऱ्याची बॅच, तर स्वस्त करूनही ग्राहक नाराजच होणार. पण वेळ चांगली आहे आणि फक्त गैरसोयीची आहे म्हणून रिकामी असेल, तर ती स्वस्त विकू नका. ती गैरसोय तुम्ही अंगावर घ्या आणि त्याचे पैसे घ्या. आदल्या दिवशी पोहोचवणं, सकाळी उठवणं, बोट आधी ठरवणं, हेच तर तुमचं काम. समुद्र मालवणकरांचा, बोट त्यांची, मासे देवाचे. तुमचा माल एकच: योग्य वेळ.

आता गावात बघा. रविवारी सकाळी सलूनमध्ये आठ जण बसलेले आणि मंगळवारी कारागीर मोबाइल बघतोय. मंगळवारी वीस रुपये कमी करण्यापेक्षा "मंगळवारी वेळ ठरवून या, पाच मिनिटंही बसावं लागणार नाही" असं सांगून बघा. दुकानदार, शिक्षक, ज्यांना रविवारी वेळ नाही, ते येतील. शिलाईवाल्या ताईंनी दिवाळीच्या आधी महिनाभर "आत्ता माप द्या, धनत्रयोदशीला हातात ब्लाउज" असं लिहून लावावं. पावसाळ्यात रविवारी सहस्रकुंडला माणसांची रीघ लागते, तिथे भजी विकणाऱ्याला हे मी शिकवायची गरज नाही. पण बुधवारी सकाळी शांततेत धबधबा दाखवून आणणारा रिक्षावाला कुठे आहे?

एक गोष्ट पैशाच्या वर

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली. दोघांचा जीव गेला. मी इथे दोष कोणाचा ते ठरवायला बसलेलो नाही. पण तारीख बघा. मे महिन्याचा शेवट, हंगामाचे शेवटचे दिवस.

तुम्ही माणसं घेऊन जाता तेव्हा त्यांच्या घरच्यांनी तुमच्यावर भरवसा ठेवलेला असतो. म्हणून बुकिंगआधी फोनवर एवढं विचाराच:

- बोटीत एकूण किती जण बसवणार?
- पाण्यात एका पर्यटकामागे किती प्रशिक्षक?
- लाइफ जॅकेट प्रत्येकाला, की मागितल्यावर?
- समुद्र खवळला तर पैसे परत की दुसरी तारीख?

आणि आपल्या माणसांना हे विचारा: दमा, हृदयाचा त्रास, कानाचं दुखणं, गरोदरपण? असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय पाण्यात नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी नाही, कारण कान मोकळे होत नाहीत आणि दुखापत होऊ शकते. आदल्या रात्री दारू नाही. सकाळी हलकं खाणं. परतीचं विमान असेल तर एका डाइव्हनंतर किमान १२ तास मधे हवेत, जास्त डाइव्ह असतील तर १८.

आणि शेवटची गोष्ट. सकाळी बोटवाला म्हणाला "आज नको", तर वाद घालू नका. सातशे किलोमीटर आलोय म्हणून समुद्र ऐकत नाही. त्या दिवशी किल्ला दाखवा, मालवणी जेवण द्या आणि स्कूबाचे पैसे परत करा. तो ग्राहक आयुष्यभर तुमचा.

आता तुमचा गृहपाठ

एक वही घ्या. सात दिवस, दर तासाला तुमच्या दुकानात किंवा ज्या धंद्यात उतरायचंय तिथे किती ग्राहक आले ते लिहा. रिकामे तास लाल पेनाने खुणा. प्रत्येक लाल तासापुढे एकच शब्द लिहा: "वाईट" की "गैरसोयीचा".

ज्याच्यापुढे "गैरसोयीचा" लिहिलंय, तिथे तुमची पहिली बोट उभी आहे. सकाळी आठला सुटते. उशीर करू नका!