सोनखत हवे, पण कोणाच्या हातांनी?

लेह परिसरात वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही त्या उजाड डोंगरकुशीत पिढ्यान् पिढ्या जव पिकत आला. त्याचे श्रेय बर्फाच्या पाण्याइतकेच घरोघरच्या कोरड्या शौचालयालाही आहे. वरच्या खोलीच्या जमिनीत एक छिद्र, शेजारी मातीचा ढीग व फावडे आणि खाली बंद कोठी, एवढीच त्याची रचना. प्रत्येक वापरानंतर माती वा राख खाली लोटायची. कुजून तयार झालेले खत पेरणीपूर्वी शेतात न्यायचे. पुढे पर्यटनाबरोबर तेथे पाणी ओढणारी शौचालये आली आणि भूजलावरील भार वाढला.

आधुनिक अभियंत्यांनी याच तत्त्वाला शास्त्रीय बैठक दिली आहे. मूत्र वेगळे वळवायचे, कारण पिकाला हवे असणारे नत्र बहुतांशी त्यातच असते. रोगजंतूंचा मुख्य धोका मलात असल्याने तो राख टाकून कोरडा ठेवायचा. जमिनीच्या वर दोन कोठ्या बांधायच्या. एक वापरात असताना दुसरी सुमारे वर्षभर बंद ठेवायची. भूजल वर असलेल्या गावांत, जेथे शोषखड्डे विहिरी नासवतात, तेथे ही रचना विशेष उपकारक ठरते.

मग अडचण कोठे आहे? ‘कोरडा संडास’ म्हटले की आपल्यासमोर टोपलीचा संडास आणि डोक्यावरून मैला वाहणारी आपलीच भगिनी उभी राहते. हे पाप समाजाने एका वर्गाच्या माथी शतकानुशतके मारले. म्हणूनच २०१३ च्या कायद्याने नेमकी रेषा आखली : मैला पूर्णपणे कुजण्यापूर्वी माणसाला हाताळावा लागतो, ते शौचालय अस्वच्छ. शौचालयाच्या प्रत्येक आराखड्याची पहिली कसोटी हीच असली पाहिजे. पाणी किती वाचले, खत किती मिळाले, हे प्रश्न त्यानंतरचे.

महाराष्ट्राला ही कसोटी नवी नाही. कारागृहात मैलासफाईचे काम आपल्यालाही मिळावे, यासाठी १९३२ साली अप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात आग्रह धरला, उपोषण केले. गांधीजींनीही येरवड्यातून त्यांना उपोषणाने साथ दिली. पुढे कणकवलीच्या गोपुरीत त्यांनी सोनखताचे प्रयोग केले. मैल्याचे खत आणि माणसाची मुक्ती ही दोन वेगळी कामे त्यांनी कधी मानली नाहीत.

आज असे शौचालय बांधू इच्छिणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : वर्षभराने कोठी उघडेल, तेव्हा फावडे कोणाच्या हातात असेल? उत्तर ‘माझ्या’ असेल तर अवश्य बांधावे. ते काम कोण्या दुसऱ्यावर ढकलायचे असेल, तर उत्तमातला उत्तम आराखडाही जुन्याच पापाचे नवे रूप ठरेल. समरसतेची भाषा व्यासपीठावर सोपी असते. तिची परीक्षा घराच्या परसात होते.